मिस्टरांच्या कंबरेसाठी प्रार्थना

आमचे मिस्टर बरे झाले, हिंडूफिरू लागले, तरी पुढे कितीतरी महिने आमच्या चर्चच्या मंडळीत दर रविवारी त्यांच्या आजारपणासाठी प्रार्थना होत होती. ते स्वतः बाकावर बसून ती ऐकत होते आणि शेवटी सगळ्यांबरोबर आमेनही म्हणत होते. आता ते आठवलं की मला हसू येतं. तेव्हा मात्र आमच्या घरात हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मिस्टर रंगारी आहेत. नाशिकमध्ये नव्या इमारती सारख्या उठत असतात, त्यामुळे चांगल्या रंगाऱ्याला काम कमी पडत नाही. ते पडले तेव्हा पाथर्डी फाट्याकडे एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला लांबी भरत होते. लांबी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीच्या भेगा बुजवायला लावतात ते पांढरं लुकण. परांचीची फळी सरकली आणि ते खाली वाळूच्या ढिगावर आले. वाळू होती म्हणून मला ते परत मिळाले, पण कंबरेचा मणका दबला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, पण पाठीवर पडून राहायचं, कुणी धरल्याशिवाय कुशीवरसुद्धा वळायचं नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली. माहेर घोटीकडचं. लग्न होऊन नाशिकला आले, पण चार माणसांत बोलायचं म्हटलं की अजूनही मी मागे सरते. सातपूरला एका मेसमध्ये चपात्या लाटायचं काम करते, तिथेही माझं बोलणं हो आणि नाही एवढंच. महिला मंडळात एकेकीने मोठ्याने प्रार्थना करायची असते. माझी पाळी जवळ आली की मी चहा ठेवायला उठते. बायकांना ते आता ठाऊक झालं आहे. माझ्या शेजारी राहणाऱ्या मावशी म्हणतात, "हिची प्रार्थना म्हणजे चहा. चांगली होते, आलं घातलेली."

पण ते पडले त्या आठवड्यातल्या रविवारी मी दवाखान्यातून तशीच चर्चला गेले आणि दारात मास्तरांची वाट बघत उभी राहिले. मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचा कारभार बघणारे सगळ्यांत जुने पंच. जन्मभर त्यांनी शाळेत शिकवलं. अर्धी मंडळी त्यांच्या हाताखालून गेली आहे, आमचे मिस्टरसुद्धा. उपासनेत आजाऱ्यांसाठी आणि अडचणीत असलेल्यांसाठी जी प्रार्थना होते, तिला आमच्याकडे मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. ती वर्षानुवर्षं मास्तरच करतात. ते आले तेव्हा मी हळूच म्हणाले, "मास्तर, हे पडलेत. कंबर गेली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा पोरी, आत बस."

त्या दिवशी त्यांनी प्रार्थना केली ती मला अजून जशीच्या तशी आठवते. "प्रभू, आमचा रंगारी बंधू खाटेला खिळला आहे. त्याच्या मोडलेल्या कंबरेला बळ दे. त्याला पुन्हा पायांवर उभं कर." बंधू म्हणताना त्यांचा आवाज कापला. मी पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी माझ्या वतीने देवाशी बोललं, माझ्याच्याने झालं नसतं ते बोललं, असं मला वाटलं. संध्याकाळी ते दवाखान्यात आले. मिस्टरांच्या पायाशी स्टुलावर बसून राहिले आणि जाताना म्हणाले, "शुद्धलेखनाला कच्चा होता, पण चित्राला माझ्या वर्गात याच्यासारखा कुणी नव्हता."

त्या दिवसांत मला स्वतःचे शब्द सुचत नव्हते. चादर बदलताना, भांडं धुताना मी लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना म्हणायचे. परत परत तीच. म्हणून पाठ केलेलं सगळंच पोकळ असतं असं मी म्हणणार नाही. माणसाला काही सुचत नाही तेव्हा पाठ केलेलंच हाताला लागतं. त्यासाठी मी माझ्या आईचे उपकार मानते, तिने ती माझ्याकडून घोकून घेतली होती.

पुढे मिस्टर घरी आले. आधी पट्टा, मग काठी, मग काठीही सुटली. गणपतीच्या दिवसांत एकदा मी ओट्याशी कणीक मळत होते. मागे वळून पाहिलं तर ते दारात वाकून चपलेचा पट्टा लावत होते. स्वतः. भिंतीला हातही न लावता. कणकेतले हात तसेच ठेवून नुसती बघत राहिले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. दूध आणायला जाताय ना?"

त्या रविवारी आम्ही दोघं बरोबर चर्चला गेलो. लोकांनी हात मिळवले, कसे आहात विचारलं. उपासना सुरू झाली, गायन झालं, शास्त्रवाचन झालं. मग मास्तर उभे राहिले, डोळे मिटले आणि सुरू झाले. आधी निवृत्त नर्सबाईंचे गुडघे, मग एका कुटुंबाच्या मुलाची नोकरी, मग, "आमचा रंगारी बंधू खाटेला खिळला आहे. त्याच्या मोडलेल्या कंबरेला बळ दे."

मिस्टरांनी मला कोपराने ढोसलं. "अगं, मी इथं बसलोय."

"आज राहिलं असेल त्यांच्याकडून," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी नीट होईल."

पुढच्या रविवारीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. शब्द तेच आणि क्रम तोच. गुडघे, नोकरी, कंबर. पहिल्या दिवशी त्या शब्दांत ओल होती, आता ते कोरडे झाले होते आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरांना मी नावं ठेवत नाही. मेसमध्ये ढीगभर चपात्या लाटून झाल्या की माझे हातही माझ्याशिवाय चालतात. चपाती गोल होते, तव्यावर पडते, मी कुठे असते ते माझं मला ठाऊक नसतं. तसं त्यांच्या प्रार्थनेचं झालं होतं. आणि आमच्या आमेनचंही तेच. मास्तरांनी "तुझ्या पवित्र नावाने मागतो" म्हटलं की सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणायची. आमेन म्हणता म्हणता कुणी चप्पल चाचपायचं, कुणी मुलाच्या हातातली पेन्सिल काढून घ्यायचं. कंबरेचा माणूस समोर ताठ बसला आहे हे कुणाच्या मनातही येत नव्हतं.

शेवटी मिस्टरांनी मास्तरांना फाटकापाशी गाठलं. मी मागे उभी होते.

"मास्तर, मी बरा झालो."

"शाब्बास!" मास्तर म्हणाले. "असंच म्हणत राहा. विश्वास म्हणतात तो हाच."

"तसं नाही मास्तर. खरंच बरा झालो. डॉक्टरांनी पट्टा काढला."

"डॉक्टर काय म्हणतो ते बाजूला ठेव. तू बरा झालो म्हणतोस ना? प्रभू ऐकतो. मीही थांबणार नाही, बरं का!" असं म्हणून त्यांनी मिस्टरांच्या कंबरेवर अगदी अलगद हात ठेवला, तडा गेलेल्या माठावर ठेवावा तसा.

आमच्या लोकांत अशी रीतच पडून गेली आहे. दुखणं अंगात असलं तरी विश्वासाने बरा झालो म्हणायचं. साखर वाढलेली बाईही म्हणते, मी बरी झाले. म्हणणं वाईट नाही, त्याने धीर येतो. पण त्यामुळे खरोखर बरं झालेल्या माणसाला सांगायला वेगळे शब्दच उरत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण मिस्टरांना ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं काम मिळायचं ते ठेकेदारही आमच्याच मंडळीतले. दिवाळीच्या आधी रंगाच्या कामाची झुंबड असते. मिस्टर त्यांच्याकडे गेले आणि तोंड पाडून परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाला, दर रविवारी तुझ्या मोडलेल्या कंबरेसाठी प्रार्थना होते. सगळी मंडळी आमेन म्हणते. मीही म्हणतो. आणि सोमवारी तुला शिडीवर चढवू? उद्या काही झालं तर लोक मला चर्चच्या पायरीवर उभं करतील का?"

"तुम्ही सांगितलं नाही का, बरा आहे म्हणून?"

"सांगितलं. तर म्हणतो, तू बरा आहेस, मग मास्तर खोटं बोलतात का?"

दुसऱ्या ठेकेदारांच्या आपल्या आपल्या टोळ्या ठरलेल्या. मिस्टर सकाळी मजूर नाक्यावर जाऊन उभे राहायचे. कधी एखादं दार, कधी एखादी खिडक्यांची जाळी रंगवायला मिळायची. पंधरा माणसांना हाताखाली शिकवलेला माणूस जाळ्या रंगवत होता. घर माझ्या चपात्यांवर चाललं होतं. त्याचं त्यांना फार लागायचं, पण बोलायचे नाहीत.

मी आमच्या चर्चच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे, जायचं ठरवलं, म्हणजे मिस्टरांना जायला लावलं. आधीच्या पाळकांची बदली होऊन हे नुकतेच आले होते. ते भले गृहस्थ, पण तरुण. म्हणाले, "मध्यस्थीची प्रार्थना मास्तरांची. इतक्या वडीलधाऱ्या माणसाला मी कसं सांगू, प्रार्थना थांबवा म्हणून? आणि प्रार्थनेने नुकसान तर होत नाही ना?"

मिस्टर म्हणाले, "तेच तर होतंय, साहेब." पाळकसाहेबांना वाटलं, ते विनोद करताहेत.

नाताळला चांदवडहून माझी नणंद आली होती. नवी साडी नेसून ती आमच्याबरोबर उपासनेला आली. गुडघे, नोकरी, कंबर झालं, आणि ती घाबरून मिस्टरांकडे वळली. "दादा, पुन्हा पडलास की काय? मला कुणी कळवलं पण नाही!" आजूबाजूचे दोघं-तिघं हसले. मिस्टर हसले नाहीत. घरी येऊन नवा शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाले, "मी आता येणार नाही. माझ्यासाठी तिथं सगळं व्यवस्थित चालू आहे, माझी गरज नाही."

"असं काय बोलता?"

"मग काय बोलू? समोर बसलेला माणूस ज्यांना दिसत नाही, त्यांना न दिसणारा देव काय दिसणार?"

त्यानंतर ते रविवारी घरीच राहू लागले. मी एकटीच जायचे. काम नाही याची मला काळजी होती, पण या बोलण्याची भीती त्याहून मोठी होती. काम आज ना उद्या मिळालं असतं. पण ज्या देवाने त्यांना वाळूच्या ढिगावर झेललं, त्याच्याकडेच ते पाठ फिरवत होते, आणि तेही त्याच्याच घरात चाललेल्या प्रार्थनेमुळे. हे मला सहन होईना.

मी शेजारच्या मावशींपाशी बोलले. त्या महिला मंडळात पुढे असतात, त्यांना सगळ्या रीती ठाऊक. त्यांनी ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुम्ही उपकारस्तुती केलीच नाही ना! आजारी आहे म्हणून विनंती घातली, प्रार्थना सुरू झाली. बरं वाटलं की उभं राहून सगळ्यांसमोर आभार मानायचे. मग नाव उतरतं. आभार मानले नाहीत तर नाव उतरणार कसं?"

"मग ह्यांना सांगते उभं राहायला."

"ह्यांना कशाला? विनंती कोणी घातली होती?"

"मीच."

"ज्याने विनंती घातली त्यानेच आभार मानायचे," मावशी म्हणाल्या. "तूच उभी राहा. आणि चहा ठेवायला पळू नकोस. चर्चमध्ये गॅस नाही."

उपवासाचे दिवस सुरू झाले होते, ईस्टरच्या आधीचे. मावशींनी माझ्याकडून बोलायचं सगळं पाठ करून घ्यायला सुरुवात केली. "या पवित्र ठिकाणी उभं राहण्याची संधी दिली म्हणून मी प्रभूचे उपकार मानते. तो काल, आज आणि सदासर्वकाळ..." असं लांबलचक. सगळ्यांची साक्ष, म्हणजे असं उभं राहून सांगणं, अशीच सुरू होते आणि अशीच संपते, मधलं कुणाला आठवत नाही. मी मेसमध्ये लाटता लाटता ते घोकत होते. शेजारी भाजणारी बाई म्हणाली, "काय पुटपुटतेस? मंत्र घालतेस काय चपात्यांवर?"

घोकताना मला सारखी आई आठवायची. भातलावणीला आवणात, चिखल केलेल्या खाचरात, उतरायच्या आधी ती बांधावर क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "देवा, उतरते बरं का. पाय सांभाळ." बस, इतकंच. जणू देव पलीकडच्या बांधावर रोपांची जुडी हातात घेऊन उभा आहे. ती कधी पवित्र ठिकाण म्हणाली नाही, तिच्या पायाखाली नुसता चिखल होता. मावशींनी शिकवलेलं माझ्या तोंडात बसत नव्हतं. मोठ्या बाईचा ब्लाउज घातल्यासारखं ढगळ वाटायचं.

शनिवारी मी मिस्टरांना म्हटलं, "उद्या चर्चला चला."

"कशाला?"

"मी उभी राहणार आहे."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "तू? कशासाठी?"

"बोलायला."

त्यांनी कप परत उचलला. मग म्हणाले, "मग यावंच लागेल. हे काही परत बघायला मिळायचं नाही."

रविवारी आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. मावशी माझ्या पुढच्या बाकावर. गायन झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "उपकारस्तुतीसाठी कुणी आहे का?" ते विचारतात आणि लगेच पुढे जातात, कारण फारसं कुणी उठत नाही. मी उठले. पाळकसाहेबांना मी दिसलेच नाही, ते पुढचं सांगायला लागले. मावशींनी मोठ्याने खाकरलं, तेव्हा ते थांबले.

मला समोरचं काही दिसेना. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. मावशी मागे न वळता कुजबुजल्या, "या पवित्र ठिकाणी..." पण माझ्या तोंडून निघालं ते एवढंच, "आमचे मिस्टर बरे आहेत."

पहिल्या बाकावरून मास्तरांचा खणखणीत आवाज आला, "आमेन! विश्वासाने!" आणि मागोमाग सगळी मंडळी म्हणाली, "आमेन."

झालं. बसावं असं वाटलं. सगळं पुन्हा तिथेच आलं होतं. मग शेजारी बसलेल्या मिस्टरांचे हात दिसले. मांडीवर नुसते ठेवलेले, नखांत रंग नसलेले, स्वच्छ. रंगाऱ्याचे हात इतके स्वच्छ मला बघवेनात.

मी म्हणाले, "नाही मास्तर. विश्वासाने नाही. खरंच."

कुठेतरी कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर मागे वळले. मी आता थांबू शकत नव्हते. "खरोखरचे बरे आहेत. गणपतीपासून. स्वतः वाकून चप्पल घालतात. पाण्याचं भरलेलं पिंप सरकवतात. मावशींच्या छपरावर चढून उडालेला पत्रा बसवला. आपण दर रविवारी मागतोय ते प्रभूने केव्हाच देऊन झालंय. आभार मानायचे तेवढे राहिलेत. तेच मानायला मी उभी राहिले." आणि मी खाली बसले.

"गणपतीपासून?" मास्तर म्हणाले. उपासनेत असं मध्येच कुणी विचारत नाही, पण त्यांनी विचारलं. "आता तर ईस्टर आला."

"हो," मावशींनी माझ्या वतीने सांगितलं. "पत्रा माझाच होता."

"कुठंय तो?"

मिस्टर उभे राहिले.

"पुढं ये."

ते पुढे गेले. इतक्या वर्षांनी शाळेत बोलावल्यासारखे, हात मागे बांधून.

"वाक."

मिस्टर वाकले. बोटं पायांना लावली. मुलांच्या बाकांवर हशा पिकला.

"ऊठ. पुन्हा वाक."

"किती वेळा, मास्तर?"

"मी इतके महिने देवाला सांगतोय, याला वाकता येत नाही. आता मला नीट बघू दे."

मिस्टर पुन्हा वाकले, पुन्हा उठले. आता सगळी मंडळीच हसत होती. पाळकसाहेबही हसत होते. मास्तर मात्र हसत नव्हते. ते हळूहळू उठून उभे राहिले. सवयीने डोळे मिटले आणि मग उघडले. मिस्टरांकडे बघतच म्हणाले, "प्रभू..." आणि थांबले. आम्ही मान खाली घालून वाट बघत राहिलो. मग ते म्हणाले, "तू ऐकलंस. मीच बघितलं नाही. आभारी आहे." आणि बाकाच्या पाठीला धरून खाली बसले.

लगेच कुणी आमेन म्हटलं नाही. प्रार्थना संपली की नाही तेच कुणाला कळलं नव्हतं. मी माझ्या जागेवर हळूच म्हटलं. माझ्या पुढे मावशींनी म्हटलं. मग इकडून एक, तिकडून एक, ज्याला जेव्हा उमगलं तेव्हा, असं आमेन चर्चभर फिरलं. मी जन्मभरात इतकी आमेन ऐकली, त्यांत मला ते सगळ्यांत गोड वाटलं.

बाहेर आल्यावर मास्तर माझ्यापाशी आले. मला वाटलं, रागावतील, भर उपासनेत मी त्यांना नाही म्हटलं होतं. ते म्हणाले, "पोरी, मी याला घरी बघायला यायला हवं होतं. डोळे मिटून सगळं सोपं होतं." मी वाकून त्यांच्या पाया पडले. आमच्यात कुणी पाया पडत नाही, पण माझ्या मनात आलं ते मी केलं. पहिल्या रविवारी माझ्या डोक्यावर ठेवलेला हात मी विसरले नव्हते.

ठेकेदार फाटकापाशी मोटारसायकलवर बसून थांबले होते. मिस्टरांना म्हणाले, "उद्या येतोस? गंगापूर रोडला बंगला आहे."

"शिडीवर चढवशील?"

"मग काय पाळण्यात बसवू? साडेआठला ये."

त्यानंतरच्या रविवारी मास्तर प्रार्थनेला उठले ते डोळे उघडे ठेवूनच. प्रार्थनेआधी त्यांनी नर्सबाईंना बाकावरच विचारलं, "गुडघे कसे आहेत आता?" त्या म्हणाल्या, "गुडघे बरे आहेत हो, चार महिन्यांपूर्वी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते कुणी विचारत नाही." ज्या मुलाच्या नोकरीसाठी इतके दिवस मागत होतो, तो पुण्याला कामाला लागून वर्ष होत आलं होतं. मागच्या बाकावरच्या एका शांत बाईने पहिल्यांदाच सांगितलं की तिच्या सुनेला दिवस राहत नाहीत, तिच्यासाठी मागा. हे सगळं होईपर्यंत उपासना लांबली. पुरुषमाणसं घड्याळ बघत होती, कुणी म्हणालं घरी मटण शिजत ठेवलंय. पण मला ती उपासना संपूच नये असं वाटत होतं. मिस्टर शेजारी बसले होते. मी त्यांना न विचारताच ते सकाळी तयार होऊन दाराशी उभे राहिले होते.

पण मला लिहून ठेवायचं आहे ते सोमवारचं, कामाच्या पहिल्या दिवसाचं. संध्याकाळी ते बंगल्यावरून आले. केसांत, भुवयांवर, चपलेवर सगळीकडे लांबीची पांढरी भुकटी. हात धुवायला बसले आणि उठताना हात कंबरेवर ठेवून म्हणाले, "आई गं."

माझ्या हातातली पळी खाली पडली. "काय झालं? कुठं दुखतंय? कंबरच का?"

"अगं, हातही दुखतायत, मान पण दुखतेय. इतक्या दिवसांनी काम केलंय, अंग बोलणारच. हे कामाचं दुखणं आहे, पडल्याचं नव्हे." मग माझ्याकडे बघून डोळे मोठे करून म्हणाले, "पण मास्तरांना सांगू नकोस हं. पुन्हा सुरू करतील."

आम्ही दोघं इतके हसलो की शेजारून मावशींनी भिंतीवर हात आपटून विचारलं, काय चाललंय म्हणून. मी तेल गरम करून त्यांच्या कंबरेला चोळलं. जेवण झालं, ते लगेच झोपले. मास्तरांना मी काही सांगितलं नाही, मावशींनाही नाही. भांडी घासता घासता ज्याला सांगायचं त्याला सांगितलं, की आज ह्यांची कंबर दुखली, कामाने दुखली, आणि मला फार बरं वाटलं.